मानोंग दुलोचं बिननावाचं दुखणं

मानोंग म्हणजे आमच्या बोलीत दादा. मानोंग दुलो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. चर्चच्या वहीतलं त्याचं नाव तेओदुलो, पण ते पाद्रीबाबांखेरीज कोणी घेत नसे. आम्ही दोघंच भावंडं. मी शिकून आमच्याच गावच्या, बागाकायच्या शाळेत मास्तरीण झाले. तो पंधराव्या वर्षी वडिलांच्या मागून माडी काढायला माडावर चढला, आणि पुढची बावीस वर्षं वरच राहिला म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे माडी काढणारा प्रत्येक माडावरून उतरत बसत नाही. एका माडाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत बांबू बांधलेले असतात, एक पायाखाली आणि एक हाताला धरायला. मानोंग त्यावरून सकाळ-संध्याकाळ वीस-बावीस माड फिरायचा. कमरेला कोयती, पाठीवर बांबूचं नळकांडं आणि तोंडाची टकळी सुरू. वरून त्याला सगळ्या गावाची परसं दिसत. "पेटांग, भात करपतोय गं!" असं तो बायकोला वरून ओरडायचा, आणि ती खालून म्हणायची, "तुझं नाक आहे की घार आहे? उतर, नाहीतर करपलेलाच वाढीन!" ऐकून शेजारपाजारचे हसायचे.

शहात्तर सालच्या मार्चमध्ये एका सकाळी तो पहिल्याच माडावरून परत खाली आला आणि बुंध्याशी बसून उजवा पाय चोळायला लागला. मी शाळेत निघाले होते.

"काय झालं, मानोंग?"

"काही नाही गं. पाय खाचेत नीट बसत नाहीये. टाच आत वळतेय आपोआप."

मी वाकून पाहिलं. पाऊल खरंच आत वळलं होतं, ओलं फडकं पिळावं तसं. थोड्या वेळाने ते सरळ झालं. आमची आई, नानाय सुलांग, तांदूळ पाखडत ओसरीवर बसली होती. तिने पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि आत गेली. दुपारपर्यंत बाहेर आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्या दिवशी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

महिनाभरात मानोंगला चालताना पाय ओढावा लागायला लागला. तरी तो चढायचा. मे महिन्यात तो पडला. बरं की उंचावरून नाही, उतरताना शेवटच्या चार-पाच खाचा राहिल्या होत्या. खांद्याचं हाड मोडलं. ते दोन महिन्यांत जुळलं, पण पाय काही जुळेना.

मग सुरू झाली वणवण. चोळणारी बाई आली, तिने आल्याचं तेल लावून लावून पायाची सालटी काढली. डोंगरापलीकडचा म्हातारा वैदू म्हणाला, माडात राहणाऱ्या कुणा भुताला याची कोयती लागली आहे. पांढरी कोंबडी दिली, भात ठेवला, माफी मागितली. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने स्वतःच हात जोडले. "तोतो, लेकरा," तो मानोंगला म्हणाला, "हे माझ्या हातचं नाही. मी उगाच तुझ्या कोंबड्या खातोय." इतकं खरं बोलणारा तोच एक भेटला. तालुक्याच्या डॉक्टरने संधिवात म्हणून सुया दिल्या. दुसऱ्याने पाठीच्या कण्याचं काहीतरी आहे म्हणून सहा आठवडे फळीवर झोपवलं. उठला तेव्हा पाय होता तसाच, वर पाठही धरली.

त्याच सुमाराला मानोंगला स्वतःलाच एक गोष्ट सापडली. विहिरीवरून पाणी आणताना कुत्रं अंगावर आलं म्हणून तो चार पावलं मागे सरला, आणि ती चार पावलं अगदी सरळ पडली. त्याने आणखी चार टाकली. मग बादली धरून तो उलटा चालत, तसाच थेट घरापर्यंत आला, लहान मुलासारखा हसत, आणि मला हाक मारली. "इंदाय मेडिंग, बघ! मागे जाताना पाय माझं ऐकतो!"

आम्हाला वाटलं, आता उतार पडतोय.

इलोइलोच्या मोठ्या दवाखान्यात मी त्याला घेऊन गेले, ते सत्त्याहत्तरमध्ये. तिथला डॉक्टर तरुण होता, हसतमुख होता. त्याने हातोडीने गुडघे ठोकले, पायाला टाचण्या टोचल्या, डोळ्यांत बत्ती मारली. मग मानोंगनेच भोळेपणाने सांगितलं, "डॉक्टर, एक विचारू? मी पुढे चालताना वाकडा होतो आणि मागे चालताना होत नाही. असं का हो?"

डॉक्टरने दोन जणांना बोलावून आणलं. मानोंगला खोलीभर उलटं चालवलं. मग मला बाहेर नेऊन विचारलं, "घरात काही भांडणतंटा? बायकोशी पटतं ना?"

"पटतं की. का?"

"हे बघा बाई, पाय खरंच बिघडलेला असता तर मागे चालतानाही वाकडा झाला असता. पायात दोष नाही. हे मनाचं आहे."

मानोंगने स्वतःहून खरं सांगितलं आणि तेच त्याला नडलं.

मनाचं आहे, हे शब्द आमच्याबरोबर बसमधून बागाकायला आले आणि आठवड्याभरात त्यांचं 'सोंग आहे' झालं. काम टाळण्याचं सोंग. शेजारचा कुलास चर्चच्या दारात सगळ्यांसमोर म्हणाला, "दुलो, प्रार्थनेला उलटा येत जा, म्हणजे वेळेत पोचशील."

"येईन की," मानोंग म्हणाला. "तेवढंच तुझं तोंड बघायला नको."

लोक हसले. पण परत येताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

पेटांगनेही बरेच दिवस तग धरला. घरात तीन मुलं, दोन मुलगे आणि मधली मेर्लिता. माडांचं काम दुसऱ्याकडे गेलेलं. ती बाजारात मासे विकायला बसायला लागली. त्या वर्षीच्या गावजत्रेत गिटारी वाजायला लागल्या, तेव्हा मानोंगने काठी बाजूला ठेवली आणि तिचा हात धरला. लग्नापासून ते दोघं दर जत्रेला नाचायचे. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो नाचला. पुढे, मागे, गिरकी घेऊन, पाऊल कुठे म्हणून वळलं नाही. बाकीची जोडपी थांबून बघायला लागली. पेटांगचा चेहरा आधी फुलला आणि मग हळूहळू दगडासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याची काठी दाराबाहेर फेकली.

"काल नाचलास ना? मग आज चाल! चाल सरळ!"

"पेटांग, मला नाही कळत कसं होतं ते. आईशप्पथ."

"मला कळतं. गावाला कळतं. उठ!"

तो उठला. चौथ्या पावलाला उजवा पाय डाव्यात अडकला आणि त्याचं कपाळ चुलीच्या दगडावर आपटलं. रक्त बघून पेटांगच ओरडली. नऊ कोस चालत जाऊन डॉक्टर आणायचीही तिची तयारी होती, पण त्या दिवसापासून मानोंगने तिच्यापुढे उभं राहायचंच सोडलं. ती खोलीत आली की तो बसून घ्यायचा.

पुढच्या वर्षी मान वळायला लागली. डावीकडे, खांद्याच्या मागे कोणी हाक मारल्यासारखी. हनुवटीला एक बोट टेकवलं की ती सरळ व्हायची, म्हणून तो सारखा विचारात पडल्यासारखा बोट टेकवून बसायचा. मग जबडा. बोलता बोलता तोंड आपोआप उघडायचं आणि मिटायचंच नाही. ज्याची बडबड गावभर ऐकू जायची, त्याचं एक वाक्य ऐकायला आम्हाला समोर बसून वाट बघावी लागायची. अंगावर मूठभर मांस राहिलं नाही.

या सगळ्यात नानाय मात्र कधी गोंधळली नाही. कोणी सांगायच्या आधी ती भाताची पातळ पेज करायला लागली. घास देताना मान मागे न टाकता पुढे झुकवायची, हे तिला ठाऊक होतं. रात्री त्याच्या पाठीशी कुठे उशी लावायची म्हणजे पिळा कमी होतो, तेही. मी एकदा म्हटलं, "नानाय, तुला बरं सगळं सुचतं."

"आईला सुचतंच," ती म्हणाली आणि पेज गाळत राहिली.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत आमच्या मुख्याध्यापिकांनी ओळखीने मनिलातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी मिळवून दिली. बोटीने आम्ही दोघं गेलो. बोटीवर माणसं त्याच्यापासून सरकून बसत होती. एका बाईने पोराला कुशीत ओढलं आणि विचारलं, "कुठले हो तुम्ही?" मी कापिस म्हटलं, तर तिने क्रूसाची खूण केली. आमच्या प्रांताचं नाव काढलं की परक्या माणसांना एकच सुचतं, आस्वांग. दिवसा माणूस आणि अंधार पडला की माणसं खाणारं, रूप बदलणारं. मानोंगने हनुवटीवरचं बोट काढलं आणि मान मुद्दाम तिच्याकडे वळू दिली. ती उठूनच गेली. "जागा झाली," तो मोठ्या कष्टाने म्हणाला. "पाय पसर."

त्या दिवसांतला त्याचा तो शेवटचा विनोद.

डॉक्टर सोरोंगोन पन्नाशीच्या होत्या, आमच्याच बाजूच्या, आमचीच बोली बोलणाऱ्या. त्यांनी त्याला दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं. बसू दिलं नाही. म्हणाल्या, "मानोंग, आता जरा मागे चालून दाखवता?"

आम्ही कोणीही तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

मानोंग जागीच उभा राहिला. मग तो मागे चालत गेला, सरळ, दारापर्यंत.

"आणि हनुवटीला बोट लावलं की मान थांबते. नाचता येतं. बरोबर?"

"कोणी... सांगितलं... तुम्हाला?"

"तुमच्यासारख्या अकरा जणांनी."

तो दाराला टेकून रडायला लागला. तोंड उघडंच राहिलं होतं, त्यामुळे त्या रडण्याचा आवाज विचित्र यायचा. पण मी सांगते, तीन वर्षांत मी त्याला इतकं सुखावलेलं पाहिलं नव्हतं. "म्हणजे सोंग नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मेडिंग, सोंग नाही."

"सोंग अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूतून स्नायूंना जे हुकूम जातात, त्यात गडबड आहे. आईच्या माहेरी कोणाला होतं असं?"

"नाही," मी म्हटलं. "आईला एकच भाऊ होता, तियो मिरो. तो तरुणपणी मासेमारीला गेला असताना बुडाला."

"पाहिलं कोणी बुडताना?"

ते मी आईला कधी विचारलं नव्हतं.

"आईचं गाव कुठलं?" मी नाव सांगितलं. खाडीच्या पलीकडचं. बाईंनी मान हलवली. "त्या बाजूला याला एक शब्द आहे. लुबाग. पीळ. तुमच्या आईला तो ठाऊक असणार."

आपल्याच बोलीतला शब्द ऐकायला आम्ही समुद्र ओलांडून गेलो होतो.

"बरं... होतं?" मानोंगने विचारलं.

"नाही. थोडा आराम पडेल अशा गोळ्या देते. पण खोटं नाही सांगणार, हे वाढत जाईल."

मग त्याने मुलांचं विचारलं. बाईंनी कागदावर गोल आणि चौकोन काढून समजावलं. आई हे पुढे देते, ते मुलग्यांना उगवतं. बाप मुलग्यांना ते देत नाही, म्हणून त्याचे दोन्ही मुलगे सुखरूप. मानोंगचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"आणि मुलगी आहे?"

"आहे. मेर्लिता. नऊ वर्षांची."

बाईंनी कागदावरच्या एका गोलावर बोट ठेवलं. "तिला स्वतःला बहुधा काही होणार नाही. पण तुमच्याकडून ते तिच्यात आलेलं असणार. तिला पुढे मुलगे झाले, तर त्यांतल्या कोणालाही होऊ शकतं."

मी विचारलं, "आणि माझ्यात?"

"असेलही, नसेलही. ते बघायची तपासणी आज तरी नाही."

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. शेजारच्या गावच्या एका मास्तरांशी माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं. परत आल्यावर मी ते थांबवलं. का, ते त्यांना सांगितलं नाही, आणि ते चुकलंच.

घरी पोचल्यावर मी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पेटांगला वाचून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिने सगळं ऐकलं, उठली, मागच्या अंगणात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. संध्याकाळी तिने आत येऊन मानोंगच्या कपाळावरच्या खुणेवर हात ठेवला. "मी तुला उभं केलं होतं," एवढंच म्हणाली. मानोंगने तिचा हात धरला आणि तिच्यासमोर उठून उभा राहिला.

नानायशी बोलायला मला दोन दिवस लागले. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"नानाय, तियो मिरो बुडाला नव्हता ना?"

तिची मूठ तशीच बंद राहिली. मग तिने ते दाणे परत टोपलीत टाकले.

"कोण बोललं?"

"मनिलाच्या डॉक्टरनी विचारलं. लुबाग म्हणाल्या."

तो शब्द ऐकून ती खालीच बसली. मग तिने सांगितलं, सगळं, सपाट आवाजात. मिरोचा आधी पाय वळला, मग मान, मग जीभ बाहेर यायला लागली. गावाने त्याला आस्वांग ठरवलं. कोणाचं मूल आजारी पडलं की घरावर दगड यायचे. शेवटी आजोबांनी त्याला खारफुटीत झावळ्यांची खोप बांधून दिली आणि गावात सांगितलं, पोरगा बुडाला. नानाय चौदा वर्षांची होती. होडीतून रोज पेज न्यायची ती. तीन वर्षं. एका दिवशी गेली तर तो गेलेला होता. तिथेच चिखलात पुरला.

"मग माझं लग्न इकडे लांब लावून दिलं. सांगितलं, या गोष्टीचा ब्र काढायचा नाही."

"पण मानोंगचा पाय पहिल्यांदा वळला, त्याच दिवशी तुला कळलं होतं. तीन वर्षं आम्ही वणवण करतोय! लोक त्याला ढोंगी म्हणाले, तू ऐकलंस. एक शब्द बोलली नाहीस!"

"बोलले असते तर काय झालं असतं? औषध मिळालं असतं?"

तिने टोपली बाजूला सारली.

"सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे त्याच्याकडे तसं बघितलं असतं, जसं आम्ही मिरोकडे बघायचो. ढोंगी म्हणतात तर म्हणू देत, मला वाटलं. ढोंग्याला निदान दगड मारत नाहीत." आणि मग इतका वेळ सपाट असलेला तिचा आवाज फुटला. "माझ्या पोटातून आलं गं ते. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

ओसरीवर मानोंग बसला होता. त्याने ऐकलं. पुढचे अकरा दिवस तो तिच्या हातून जेवला नाही. पेटांगने भरवायचा प्रयत्न केला, त्याला ठसका लागायचा, अर्धं अन्न बाहेर यायचं. नानाय स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघायची आणि पुढे यायची नाही.

बाराव्या दिवशी त्याने तिला खुणेने बोलावलं. समोर बसायला लावलं.

"मिरो... काय... खायचा?"

नानाय उठू लागली.

"सांग. कशाने... बरं... वाटायचं त्याला? पुढे... काय काय... झालं? सगळं... सांग."

तिने सांगितलं. पीळ हळूहळू जाऊन अंग ताठ होत जाईल, चेहरा हलणार नाही. नारळाच्या दुधात शिजवलेला रताळ्याचा लगदा मिरोला नीट गिळता यायचा. दुपारी कुशीवर निजवून कोणी गाणं म्हटलं की अंग सैल पडायचं. मानोंग विचारत होता आणि ती सांगत होती. पंचेचाळीस वर्षांत तिने त्या भावाबद्दल 'बुडाला' याखेरीज काही सांगितलं नव्हतं. मधेच ती म्हणाली, "तो फार हसरा होता रे, तुझ्यासारखाच." त्या दिवसापासून तो परत तिच्याच हातून जेवायला लागला.

तो आणखी पाच वर्षं जगला. गोळ्यांनी थोडी झोप लागायची, बाकी काही नाही. नानायने सांगितलं होतं तसंच सगळं, त्याच क्रमाने आलं. शेवटी पेज छातीत गेली, ताप चढला आणि चौऱ्याऐंशीच्या जुलैमध्ये, भर दुपारी, पेटांग आणि नानाय दोन बाजूंना बसल्या असताना तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा. कुलासने पेटीला खांदा दिला.

त्यानंतर कसं कोण जाणे, आजूबाजूच्या गावांतून बायका नानायकडे यायला लागल्या. कोणी मुलाला घेऊन, कोणी नवऱ्याला. नानाय त्यांना घास कसा द्यायचा, उशी कुठे लावायची, ते दाखवायची. आधी डॉक्टरकडे जा म्हणायची आणि जाताना प्रत्येकीला सांगायची, "लपवू नको हं बाई." ती एक्क्याण्णवमध्ये गेली.

मेर्लिता सतरा वर्षांची झाली, तेव्हा ते मला सांगावं लागलं. पेटांगच्याने सांगवेना. मेर्लिताने कागदावरचे गोल-चौकोन नीट पाहिले आणि विचारलं, "म्हणजे मी लग्न करायचं नाही?"

"तसं मी म्हणत नाही, इंदाय. ज्याच्याशी करशील, त्याला आधी सांग."

"आणि तो पळाला तर?"

"तर पळाला."

एक पळाला. तेविसाव्या वर्षी, साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात. त्याच्या आईने निरोप पाठवला, स्वतः आलीही नाही. मेर्लिता महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली. दुसरा भेटला तेव्हा ती तिशीची होती. तो इलोइलोत गाड्या दुरुस्त करतो, कमी बोलतो. तिने सांगितल्यावर त्याने दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी परत आला. त्यांना मूल नाही. नको असं दोघांनी ठरवलं. तिला मुलांची किती हौस होती, ते मला माहीत आहे. माझ्या शाळेतल्या प्रत्येक पोराचं नाव तिला पाठ असायचं.

आता रक्त तपासून सगळं सांगता येतं. मेर्लिता मला म्हणाली, "तिया, तुम्ही पण करून घ्या ना एकदा." माझं वय सत्त्याहत्तर. शेजारच्या गावचे ते मास्तर पुढे लग्न करून तीन मुलांचे बाप झाले आणि मागच्या वर्षी वारले. तपासणीत काहीच नाही असं निघालं, तर ते ऐकायची माझी तयारी नाही. मी तिला म्हटलं, "बघू पुढच्या महिन्यात." असं मी गेली कितीतरी वर्षं म्हणतेय.